गाडी ओढत नाही? आधी बाटली भरून पाहा
(सोलापूर जिल्हा बैठकीतील भाषण)



उसाच्या भावावर बोलायला उभा राहिलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, तुमच्या इथेनॉलने आमच्या गाडीचा पिकअप गेला, त्याचे काय?" बार्शीत आला, मोहोळला आला. आज त्याचेच उत्तर देतो. ही पाळी माझ्यावरही आली होती.

गेल्या पावसाळ्यात तुळजापूरचा घाट चढताना माझी जुनी पेट्रोल गाडी धक्के मारू लागली. पाय पूर्ण दाबला तरी ओढेना. मागे ट्रकची रांग, गाडीत म्हातारी आई. गॅरेजवाला बॉनेट उघडण्याआधीच म्हणाला, "इथेनॉलने पंप खाल्ला." पंप आणि इंजेक्टरचे अकरा हजार मोजले. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

द्राक्षाचे पान पिवळे पडले की दुकानदार लोहाची बाटली पुढे करतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत नुसते पाणी साचले तरी पान पिवळे पडते. आधी मुळाशी खणून पाहा, असे मी वीस वर्षे सांगत आलो. स्वतःच्या गाडीला मात्र न बघता फवारणी केली!

दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन थंड झाल्यावर, बिडी लांब ठेवून, टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढले. थोड्या वेळाने तळाशी वेगळा थर दिसला. झाकणाचे रबर फाटून पावसाचे पाणी आत गेले होते. इथेनॉल पाणी ओढते. थोडे पाणी मिसळून जाते, पण मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला घेऊन तळाशी बसते, आणि पंप नेमका तळातून उपसतो.

आता इथेनॉलची बाजू घ्यायची म्हणून मी खोटे बोलणार नाही. लिटरमागे त्याची ताकद पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे २० टक्के मिश्रणात ६-७ टक्के ऊर्जा कमी. तेवढा ॲव्हरेज घटू शकतो. २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबर, नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत, त्या तपासून घ्या. पण अचानक सुरू झालेल्या धक्क्यांचे कारण वेगळे शोधावे लागते.

गाडी सपाटीला बरी आणि चढाला, ओझ्याला मरते, तर इंधन कमी पोचते किंवा हवा अडते. एअर फिल्टर काढून झटका. आपल्या धुळीत तो लवकर भरतो. मग पेट्रोलचा फिल्टर. पंप बदलण्याआधी गेज लावून दाब मोजायला सांगा. मोजला नाही तर पैसे देऊ नका. गाडी उभी असतानाही मिसिंग मारते, तर प्लग आणि कॉइल बघा. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. तो तुंबला तरी गाडी ओढत नाही, आणि त्याची किंमत ऐकून घाम फुटतो. डिझेल जीपवाल्यांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढावे. काळा धूर येत असेल तर हवेची वाट आधी बघावी.

माझी टाकी रिकामी केली, फिल्टर आणि झाकण बदलले. परवा आईला घेऊन तुळजापूरला जाऊन आलो. घाटात गाडी तिसऱ्या गिअरला चढली. अकरा हजार गेले ते गेलेच.