आधी दार कोणी वाजवायचं?



शेजारी नवं बिऱ्हाड आलं की आधी दार कोणी वाजवायचं? कोरियात हे रिवाजानं ठरलेलं आहे. नवीन आलेलाच शेजाऱ्यांना ‘इसा-त्तोक’ देतो; तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वड्या, वर लाल कडधान्याचा थर. लाल रंगानं इडापिडा टळते, ही समजूत.

मग ‘जिपदुरी’, म्हणजे घरभरणी. पाहुणे दोन्ही हातांनी भेट देतात: साबण पावडर नाहीतर टॉयलेट पेपर! हसू नका. फेसासारखी भरभराट वाढावी, रोल उलगडतो तशी कामं सुरळीत व्हावीत, हा त्यामागचा आशीर्वाद.

तिथल्या टॉवरमध्येही हे आता कमी होतंय. पण ओळखच नसेल, तर अडीनडीला हाक कोणाला मारणार? आपल्याकडेही नवे भाडेकरू येतात. पहिलं दार आपण वाजवू या.