पातं भट्टीत कमावलं, ग्राइंडरवर गमावलं



घासून धार काढण्याची विद्या ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्याला नवी नाही. शिकलगार लाखेत कुरुंदाची पूड कालवून साण बनवत आणि तिच्यावर तलवारी, विळे पाजळत. खाडीपलीकडे उरणजवळच्या मोरा इथे १९४१ साली ग्राइंडवेल कंपनी ग्राइंडिंग व्हील बनवू लागली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट तिची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. तिथल्या टूलरूममधला जाणता माणूस सरफेस ग्राइंडरवर दुधाळ कूलंटची धार सोडल्याशिवाय जॉबला चाक टेकवत नाही.

याच परिसरात आता गाडीच्या पाट्यातून किंवा ईएन-३१ पोलादातून सुरी घडवणारा कारागीर डिस्क ग्राइंडरपुढे उभा राहतो, तेव्हा मात्र ही शिस्त मागे पडते. शेजारी पाण्याची बादली ठेवायची आणि चटका बसला की पातं बुडवायचं, एवढ्यावर भागवलं जातं. यात पोलादाचं मोठं नुकसान होतं.

कार्बन पोलादाच्या सुरीला पाणी दिल्यावर तिचं टेम्परिंग साधारण १८० ते २२० अंश सेल्सिअसला करतात. पात्यावर फिकट पिवळा रंग २०० अंशांच्या सुमारास येतो, तपकिरी २६० च्या आसपास आणि निळा ३०० च्या मागेपुढे. धारेकडे पातं जेमतेम अर्धा मिलिमीटर उरलेलं असतं. उष्णतेला पसरायला जागाच नसते, त्यामुळे घासताना निळी झाक डोळ्यांदेखत उमटते आणि धार मऊ पडते. मग बादली काय करणार? मऊ पडलेलं पोलाद गार झालं म्हणून पुन्हा कडक होत नाही. त्याहून वाईट म्हणजे डिस्कवरचा पुढच्या नंबरचा पॉलिश पेपर ती झाक पुसून टाकतो. पातं चकचकीत दिसतं, विकलंही जातं, आणि चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या कोळणीच्या हाती सुरमईच्या काट्यावर त्याची धार मुडपते. दोष तिच्या हाताचा नसतो.

पाण्याच्याही आधी पात्याला थंड ठेवतो तो पेपरवरचा तीक्ष्ण कण. तीक्ष्ण कण पोलाद कापतो आणि उष्णतेचा काही वाटा चुऱ्याबरोबर बाहेर नेतो. बोथट कण नुसता रगडतो. ती सगळी मेहनत उष्णता होऊन पात्यात शिरते. पेपर महाग म्हणून शेवटपर्यंत वापरण्याची सवय म्हणूनच परवडत नाही: एका पेपरचे पैसे वाचतात आणि भट्टीत कमावलेलं अख्खं पातं जातं. पी-१२० चा कण सरासरी १२५ मायक्रॉनचा, पी-४०० चा सुमारे ३५ चा. कण बारीक झाला की तो खोल रुतत नाही, घर्षण वाढतं. आकार देण्याचं काम जाड पेपरवरच पुरं करावं. बारीक पेपरने फक्त आधीचे ओरखडे काढावेत. सिरॅमिक कणांना फुटून नवी कड उघडण्यासाठी दाब लागतो. हलक्या हाताच्या शेवटच्या कामात ते गुळगुळीत होऊन बसतात. तिथे पाण्यात चालणारा काळा सिलिकॉन कार्बाइड पेपर बरा.

डिस्कचा स्वभाव बेल्ट ग्राइंडरपेक्षा वेगळा आहे. बेल्टवर वेग सगळीकडे सारखा असतो, डिस्कवर नसतो. नऊ इंची डिस्क मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरवर थेट बसवली तर कडेचा कण सेकंदाला सुमारे १७ मीटर धावतो, केंद्रापासून दोन इंचांवरचा साडेसात मीटर, आणि मधोमध वेग शून्य. एकाच पात्याचं टोक कडेला जळू शकतं आणि त्याच वेळी मुठीकडची बाजू नुसती चोळली जाते. मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी लावून फेऱ्या ४०० वर आणल्या तर कडेचा वेगही पाच मीटरच्या आत येतो. शेवटच्या कामाला तेवढा पुरतो. मात्र इतक्या कमी फेऱ्यांवर मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो, म्हणून मोटर तापते का ते पाहत राहावं.

कूलंटचं गणितही डिस्कवर बदलतं. ओतलेलं पाणी फिरत्या डिस्कवरून कडेकडे फेकलं जातं. त्यामुळे बारीक फवारा मध्याच्या जवळ आणि पात्यावर मारावा. पाणी बाहेर जाताना कामाच्या जागेवरून जातं. पाणी फार झालं तर मात्र पातं पाण्याच्या थरावर तरंगतं आणि डिस्क ज्यासाठी घेतली तो सपाटपणाच हुकतो. डिस्क ॲल्युमिनियमची हवी, एमडीएफ फुगतं. ओल्याने पेपरचा गोंद सुटू शकतो, म्हणून दर वेळी मोटर बंद करून कडा तपासाव्यात. कूलंटचं सोल्युबल ऑइल वीस-तीस पट पाण्यात मिसळताना तेल पाण्यात घालावं, पाणी तेलात नव्हे. उलट केलं तर दुधाळ मिश्रण नीट जमत नाही. नुसतं पाणीही थंड करतं, पण डोंबिवलीच्या पावसाळी हवेत त्याने पातं लगेच गंजतं.

पाणी आणि वीज शेजारी आली की ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग याला पर्याय नाही. ओल्या कामात धूळ कमी उडते, तरी मास्क उतरवू नये, आणि फिरत्या डिस्कजवळ हातमोजे घालू नयेत. वापरलेलं तेलकट पाणी गटारात सोडू नये. उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी आधीच पुष्कळ सोसलं आहे. तळाचा लोखंडी चुरा गाळून वेगळा करावा आणि मिश्रण धोकादायक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यावं.

एक आग्रहाची विनंती आहे. विक्रीला जाण्याआधी प्रत्येक पात्याची धार पितळी सळईवर हलकी दाबून पाहावी. धार वाकून पूर्ववत झाली तर पातं द्यावं. वाकलेली राहिली, तर आधी धारेचा मऊ भाग पाण्याखाली हळूहळू घासून काढावा आणि पुन्हा तपासावं. तरीही वाकत असेल तर पातं गिऱ्हाइकाला देऊ नये, परत भट्टीकडे न्यावं. आणि वागळे इस्टेटमध्ये ज्यांनी ग्राइंडरवर उमेदीची वर्षं घालवली, त्या निवृत्त कारागिरांना आपल्या वर्कशॉपमध्ये बोलावून, आयटीआयच्या मुलांना शेजारी उभं करून, त्यांचं काम पाहावं. त्यांच्याकडून शिकायचं ते याच वर्षी शिकून घ्यावं.