मुखवटा काढलेला नाइटविंग

आज डिक ग्रेसनबद्दल बोलूया. १९४० साली आलेला पहिला रॉबिन, पुढे नाइटविंग झालेला. 'फॉरएव्हर ईव्हिल'मध्ये त्याचं खरं नाव जगजाहीर होतं. मग २०१४ मध्ये टिम सीली, टॉम किंग आणि चित्रकार मिकेल हानीन 'ग्रेसन' ही मालिका आणतात. बॅटमॅनच्या सांगण्यावरून डिक मेल्याचं नाटक करतो आणि 'स्पायरल' या हेरसंस्थेत एजंट ३७ म्हणून घुसतो.

आता मुखवटा नाही, पण स्पायरलच्या 'हिप्नोस' तंत्रामुळे समोरच्याला त्याचा चेहराच नीट दिसत नाही! किंग स्वतः सीआयएत होते, तो अनुभव इथे कामी आला असणार.

मला भिडतं ते वेगळंच. सुपरहिरो ओळख लपवतो आपल्या माणसांसाठी. हेर लपवतो आपल्याच माणसांपासून. बाराव्या अंकात डिक गॉथमला परततो. आपल्याला रडवलंस म्हणून घरचे भडकलेले. आणि ज्यानं पाठवलं, त्या ब्रूसची स्मृतीच गेलेली! आता 'मी खोटं का बोललो' याची साक्ष द्यायची कुणी?

गाजावाजा बाजूला ठेवा, बारावा अंक जरूर वाचा. भेटू पुढच्या भागात.