वीस वर्षं टिकणारी गाडी



आपल्यातले काही जण पन्नाशीनंतर आडवाटांनी भटकायला गाडी घेणार आहेत, म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल चार शब्द.

शोरूममध्ये आपण अश्वशक्ती विचारतो. गाडी वीस वर्षं ठेवायची असेल, तर आधी विचारा : रस्ता संपतो तिथल्या गॅरेजात ही दुरुस्त होईल का? टोयोटा लँड क्रूझरचं १९९० मध्ये आलेलं वन-एचझेड इंजिन पाहा. ४.२ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही, डिझेलचा पंप यांत्रिक. आकाराच्या मानाने ताकद बेताची, म्हणून ताणही कमी. आफ्रिकेतल्या कच्च्या रस्त्यांवर मदतसंस्था त्याच्यावर विसंबल्या. आज इतकं साधं इंजिन नव्या गाडीत मिळणं कठीण. निदान ज्याचे सुटे भाग तालुक्याला मिळतात, ते घ्या.

गिअरबॉक्स शक्यतो मॅन्युअल. ऑटोमॅटिक चढावर सोयीचा. पण सतत जोर लावला की त्याचं तेल तापतं, आणि दुरुस्तीला शहर गाठावं लागतं. क्लचप्लेट गावाकडचा मेकॅनिकही बदलतो. लो रेंज मात्र हवीच. सरांनी शिकवलेली तरफच ती : वेग सोडायचा, जोर मिळवायचा.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, तरी सांगते. मागच्या सीटवर म्हातारी आई असेल, पाऊस कोसळत असेल आणि मोबाइलला रेंज नसेल, तेव्हा कमी सेन्सरची गाडीच बरी. बॅटरी उतरलीच, तर धक्का मारायला आपली तुकडी आहे!