‘नॉर्मल’ अहवालानंतर



मेहकर-लोणारकडील पालक पिशवीतून बालकाचा एमआरआय अहवाल काढतात. त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलेले असते. आकडी मात्र थांबलेली नसते. (कांदा हुंगविणे अजूनही चालते, ते असो.) योग्य निवडीची 2 औषधे पुरेशा मात्रेत देऊनही आकडी येत राहिली, तर शस्त्रक्रियेचा विचार व्हावयास हवा. मेंदूच्या बाह्यस्तरातील सूक्ष्म जन्मजात दोष नेहमीच्या जाड छेदांच्या चित्रणातून निसटतो. अपस्मारासाठीच्या 1 मिलिमीटर छेदांत तो सापडू शकतो. 2 वर्षांखालील बालकांचे चित्रण तर पुढे पुन्हा करावे लागते. त्यासाठी नागपूर वा मुंबई गाठावी लागते, मजुरी बुडते. प्रत्येक बालकास शस्त्रक्रिया लाभेलच, असे आम्ही म्हणत नाही. देणगी आम्ही या प्रवासासाठी मागत आहोत. पालकांनी जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात. तज्ज्ञ त्या पुन्हा पाहतात.