ग्राहकाची माहिती : माल नव्हे, ठेव

(चिपळूण येथे लघुउद्योजक, बागायतदार, व्यापारी आणि सामाजिक कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



चिपळूणच्या बाजारपेठेला विपणनाचे शास्त्र कोणी परदेशातून येऊन शिकवावे, अशी स्थिती कधीच नव्हती. वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत येणारी गलबते आणि कुंभार्ली घाटाने कराडकडे चढणारा माल, यांच्या सांध्यावर हे गाव वाढले. कोणता माल कोणाला, कोणत्या महिन्यात आणि किती उधारीवर द्यायचा, याचे ज्ञान येथील दुकानदाराकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. गणपतीला कोणाच्या घरी मुंबईहून किती चाकरमानी येणार, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे, कोणाच्या आंब्याची पट्टी वाशीहून अजून आलेली नाही, हे त्याला ठाऊक असे. थोडे वहीत, बरेचसे डोक्यात. आज ज्याला ‘डेटा’ किंवा मराठीत ‘विदा’ म्हणतात, ती याहून मूलतः वेगळी नाही.

वेगळी आहे ती तिची मालकी. दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखत होता, तसेच गिऱ्हाईकही दुकानदाराला ओळखत होते. त्याचे घर त्याच आळीत, त्याची मुले त्याच शाळेत. एकाची अडचण दुसऱ्याला सांगून त्याने नफा कमावला असता, तर आठ दिवसांत त्याची पत गेली असती. ओळख दुहेरी असल्यामुळे तिला आपोआप मर्यादा होती. आज ती एकेरी झाली आहे. यंत्र ग्राहकाला ओळखते. ग्राहकाला यंत्राचा मालक कोण, तो कोठे बसतो, हेही ठाऊक नसते. विपणन आणि जनसंपर्क या दोन्ही क्षेत्रांत जे स्थित्यंतर घडत आहे, त्याचे मर्म येथे आहे.

वहीपासून यंत्रापर्यंत

हे यंत्र चालते कसे? मोबाईलवर माणूस काय शोधतो, कोणत्या चित्रावर किती क्षण थांबतो, कोठे जातो, काय विकत घेतो आणि काय घेता घेता राहून जातो, याची नोंद होत राहते. या नोंदींतून त्याचे एक चित्र उभे राहते. मग त्याच्यासारख्याच सवयी असणारी लाखो माणसे यंत्र शोधून काढते. एखादे पान उघडताच त्यावरील जाहिरातीच्या जागेचा लिलाव डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होतो आणि ज्याची बोली चढी व जाहिरात त्या माणसाला लागू पडणारी, त्याला ती जागा मिळते. एकाच मालाची दोन शब्दरूपे दोन गटांना दाखवून कोणते अधिक खपते, हेही पाहिले जाते. पूर्वी जाहिरातदार वर्तमानपत्रात जागा विकत घेत असे. आता तो विशिष्ट माणसाचे विशिष्ट क्षणीचे लक्ष विकत घेतो.

या व्यवहाराचा आकार केवढा आहे? फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालक कंपनी मेटा. २०२३ मध्ये तिचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते आणि त्यांपैकी सुमारे १३२ अब्ज डॉलर जाहिरातींचे होते. वापरणाऱ्याकडून एक पैसाही न घेता एवढे उत्पन्न मिळते, याचा अर्थ उघड आहे. जे फुकट मिळते असे वाटते, त्याचे मोल आपल्या वेळाच्या आणि माहितीच्या रूपाने चुकते केले जात असते.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची मांडणी केली. मनुष्य म्हणजे केवळ अर्थप्राणी नव्हे. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा तो समुच्चय आहे, हे त्या मांडणीचे सूत्र होते. विदेच्या यंत्राला मात्र माणसाचा एकच पैलू दिसतो : तो पुढे काय विकत घेईल. रात्री उशिरा मुलाच्या आजाराविषयी माहिती शोधणारी आई त्याच्या लेखी चिंतातुर माता नसते. ती औषधाची संभाव्य ग्राहक असते. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. ते चालवणाऱ्या माणसाने मर्यादा ठरवायची असते.

किर्लोस्करवाडीचा धडा

जनसंपर्क हे शास्त्र आपण परक्यांकडून घेतले, असा समज आहे. महाराष्ट्राचा इतिहास वेगळे सांगतो. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीचा माळ वसवला आणि तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागला. लाकडी नांगर पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात या नव्या अवजाराविषयी शंका होत्या. केवळ नांगर चांगला असून भागणार नव्हते. शेतकऱ्याशी बोलणे आवश्यक होते. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले, ते कारखान्याची आणि मालाची वार्ता ग्राहकांपर्यंत नेण्यासाठी. पण ते मालाच्या जाहिरातीपाशी थांबले नाही. शेती, उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा असे विषय त्यात येत गेले आणि ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रातील एक अग्रगण्य मासिक झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांचे विज्ञाननिष्ठ विचार घरोघरी पोहोचले, ते याच मासिकाच्या पानांतून.

या पत्राजवळ वाचकांच्या नावपत्त्यांची यादी होती. आजच्या भाषेत बोलायचे तर तीही विदाच. तिचा उपयोग झाला तो वाचकाला काही देण्यासाठी आणि त्या देण्यातून नांगरावरचा विश्वास वाढला. आज साधने हजारपट वेगवान झाली, हा क्रम मात्र उलटला आहे. विश्वास मिळवण्याच्या आधीच माहिती घेतली जाते.

हापूसची ओळख कोणाची?

आता कोकणच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. या पाच जिल्ह्यांबाहेरचा आंबा कोकणचा हापूस म्हणून विकणे कायद्याने चुकीचे ठरले. तरीही बाजारात अन्य प्रांतांचा आंबा कोकणच्या नावाने विकला जातो, ही बागायतदारांची जुनीच व्यथा आहे. गिऱ्हाइकाला पेटीवरचे नाव वाचता येते. फळ कोणत्या मातीतले, हे त्याला कळणार कसे? येथे तंत्रज्ञान साहाय्याला आले. अलीकडच्या हंगामांत काही उत्पादकांनी फळावर क्यूआर कोड चिकटवण्यास आरंभ केला. मोबाईलने तो टिपताच बागेची आणि उत्पादकाची ओळख पटते. विदेचा हा सात्त्विक उपयोग होय. येथे ती ग्राहकाची गुपिते उघड करत नाही, मालाचे सत्य उघड करते.

दुसरा अनुभव २०२० च्या टाळेबंदीचा. ऐन हंगामात बाजाराची घडी विस्कटली, तेव्हा कित्येक बागायतदारांनी मुंबई-पुण्यातील गृहसंकुलांशी व्हॉट्सॲपवरून थेट संधान बांधले आणि पेट्या दारापर्यंत पोहोचवल्या. दलालाच्या पट्टीची वाट न पाहता दर ठरला आणि रक्कम खात्यात आली. पण त्या हंगामात मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट रक्कम नव्हती. ती होती खाणाऱ्याची ओळख. कोणाला चार डझनांची पेटी पुरते, कोणाला अक्षय्य तृतीयेच्या आधी हवी असते, कोणाला पिकलेला नको तर आढीत घालण्याजोगा हवा, हे बागायतदाराला प्रथमच थेट कळले.

हाच आंबा एखाद्या मोठ्या विक्री-संकेतस्थळामार्फत गेला, तर काय होते? फळ बागायतदाराचे, घाम त्याचा, जोखीम त्याची. गिऱ्हाइकाची ओळख मात्र बहुधा संकेतस्थळाकडे राहते. पुढच्या वर्षी त्याच गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा आंबा दाखवायचा की याचा, हे तेथे ठरते. पूर्वी बागायतदार दलालावर अवलंबून होता; आता तो न दिसणाऱ्या दलालावर अवलंबून राहण्याचा धोका आहे.

याला उत्तर म्हणून देशात सार्वजनिक स्वरूपाच्या रचना उभ्या राहत आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ओएनडीसीचा हेतूही असाच, विक्रेता आणि ग्राहक यांना एकाच कंपनीच्या कुंपणात न अडकवण्याचा आहे. मात्र स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी पूर्ण चित्र पाहावे. यूपीआयचा मार्ग आपला असला, तरी त्यावरील बहुतांश वर्दळ दोन ॲपमधून होते; त्यांतील फोनपे हे वॉलमार्टच्या वर्चस्वाखालील कंपनीचे आणि दुसरे गूगलचे आहे. रस्ता बांधून काम संपत नाही. त्यावर आपली वाहने धावावी लागतात.

कायद्याने वापरलेला शब्द

माहितीच्या गैरवापराचे जगाने पाहिलेले ठळक उदाहरण २०१८ मध्ये उघड झाले. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या हाती फेसबुकच्या सुमारे ८ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती गेल्याचे सांगितले गेले. साबण विकण्यासाठी घडवलेले तंत्र मत वळवण्यासाठी वापरता येते, हे तेव्हा सर्वांना कळले. पुढील वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहिती ज्या हेतूने घेतली त्याच हेतूसाठी वापरावी, हेतू सरला की ती काढून टाकावी, संमती जितक्या सहज घेतली तितक्याच सहज मागे घेता यावी, ही त्याची सूत्रे आहेत. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांच्याकडे रोखलेल्या जाहिराती करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. आईवडिलांनी ही तरतूद अवश्य लक्षात ठेवावी. सुरक्षेची काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या कायद्यात माहिती घेणाऱ्याला जे नाव दिले आहे, त्याचा अर्थ ‘विश्वस्त’ असा होतो. विश्वस्त हा मालक नसतो. दुसऱ्याची ठेव तो सांभाळतो, तिचा हिशेब देतो आणि मागताच परत करतो. आपल्या समाजाला ही कल्पना नवी नाही. शेजाऱ्याने गावाला जाताना ठेवायला दिलेला डबा उघडून पाहू नये, हे येथे कोणाला कायद्याने शिकवावे लागले नाही.

महापुराची कसोटी

चिपळूणने या तत्त्वाची कसोटी अनुभवली आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले. दुकानांतील माल गेला, वह्या भिजल्या, संगणक निकामी झाले. त्यानंतर संघाचे स्वयंसेवक आणि अनेक संस्थांचे कार्यकर्ते घरोघरी गेले. घरात माणसे किती, आजारी कोण, औषध कोणते, तान्हे मूल आहे का, हे त्यांना विचारावे लागले आणि लोकांनी ते निःसंकोच सांगितले. अनोळखी माणसाला एरवी कोणी न सांगितलेली माहिती त्या दिवसांत दिली गेली, ती विश्वासाने.

अशी एखादी यादी पुढे विमा विकण्यासाठी, कर्ज गळ्यात मारण्यासाठी किंवा निवडणुकीत मते मागण्यासाठी वापरली गेली, तर त्याला काय म्हणावे? व्यवहारचातुर्य खचित नव्हे. तो विश्वासघातच ठरेल. म्हणून हा नियम केवळ परदेशी कंपन्यांना सुनावण्यासाठी नाही. तो पेढीला आहे, पतसंस्थेला आहे, देवस्थानाला आहे आणि ज्यांचे सारे कार्य संपर्कावर उभे आहे, अशा सामाजिक संघटनांनाही आहे. संपर्क म्हणजे क्रमांकांचा साठा नव्हे. ज्याच्या सुखदुःखाची विचारपूस होत नाही, त्याला रोज दहा संदेश पाठवणे याला जनसंपर्क म्हणता येणार नाही.

आता करावयाचे काय?

तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवणे हा मार्ग नाही. काजूगर, कोकम, आंबापोळी किंवा फणसपोळी करणाऱ्या चिपळूणच्या गृहोद्योगाला आज पुणे, नाशिक आणि परदेशातील मराठी घरही गाठता येते. ही संधी मागच्या पिढीला नव्हती. ती घ्यावीच. पण आपल्या ग्राहकांची यादी आपल्याजवळ असावी. ती सर्वस्वी दुसऱ्याच्या संकेतस्थळावर सोडू नये. नोंद करताना ती कशासाठी हे मराठीत स्पष्ट सांगावे. लागेल तेवढेच विचारावे. लोणचे विकणाऱ्याला जन्मतारखेशी कर्तव्य नाही. एका कामासाठी घेतलेला क्रमांक दुसऱ्या कामासाठी देऊ नये, मग मागणारा कितीही जवळचा असो. ‘शेवटचे दोनच नग उरले’ अशी खोटी घाई दाखवू नये. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना मार्गदर्शक तत्त्वांद्वारे मनाई केली आहे. पण सरकारने सांगण्यापूर्वीही ते खोटेच होते. आणि स्वतःच्या मालाची स्तुती खोट्या नावांनी लिहवून घेऊ नये.

घरोघरी कुटुंबांनीही एक शिस्त लावून घ्यावी. ॲप संपर्कयादी मागते तेव्हा केवळ आपली नव्हे, तर त्या यादीतील प्रत्येक आप्ताची माहिती दिली जाते, हे मुलांना समजावून सांगावे.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी येथील व्यापारी वहीची पूजा करतो. आता बरीचशी वही मोबाईलमध्ये गेली आहे. येत्या लक्ष्मीपूजनाला प्रत्येकाने ती यादी एकदा उघडावी, ज्यांना न विचारता घेतले ती नावे खोडावी, ज्यांचे काम संपले त्यांची माहिती काढून टाकावी आणि उरलेल्या यादीपुढे हात जोडावे. ती ठेव आहे, आणि ठेवणाऱ्याने ती आपल्या भरवशावर दिलेली आहे.