आज कोण आली नाही?

कुणी भाकरी थापत असाल, कुणी गोठ्यात असाल, कुणी कांदा निवडत. हातातलं काम चालू द्या, आम्ही बोलतो.

आम्ही जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या ख्रिस्ती बाया. संख्येने थोड्या. काहींची घरं इथे पिढ्यांपासूनची, पुष्कळ जणी संगमनेर, राहुरी, शेवगावकडून नोकरीपायी आलेल्या. कुणी दवाखान्यात सिस्टर, कुणी शाळेत बाई, कुणी आया, कुणी दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणारी. रविवारी उपासनेला ६०-७० माणसं जमतात. त्या जमणाऱ्या समाजाला आम्ही मंडळी म्हणतो. गाणी होतात, शास्त्रवाचन होतं, पाळकसाहेबांचा उपदेश होतो, दारात सलाम होतो आणि जो तो आपली गाडी पकडायला पळतो.

काही वर्षांपूर्वी आमच्यातली एक बहीण यायची बंद झाली. एक रविवार, दोन रविवार. आम्हाला वाटलं माहेरी गेली असेल. मग आमच्या ध्यानातूनच गेली. जवळजवळ तीन महिन्यांनी आमच्यातल्या एकीला ती मंचरच्या एसटी स्टँडवर भेटली. कानात काही नव्हतं. नवरा लकव्याने अंथरुणाला खिळलेला, कानातलं मोडलेलं, वर खासगी सावकाराचे पैसे अंगावर. आमची बाई म्हणाली, "अगं, सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या एवढ्या मोठ्याने गाता, की कोण गप्प बसलंय ते कळत नाही."

हे वाक्य आम्हाला फार लागलं. दर रविवारी आम्ही एकमेकींना बहीण म्हणत होतो. घरात बहीण तीन महिने दिसली नाही तर आपण असं बसलो असतो का?

तेव्हापासून आम्ही लहान गट केले. १० ते १२ जणींचा एक. आठवड्यातून एकदा, कुणाच्या तरी घरी, एक तास. त्यात आम्ही काय चुकलो आणि काय शिकलो तेच आज सांगायचं आहे. तुमचा बचत गट असो, भजनी मंडळ असो नाहीतर हरिपाठाला बसणाऱ्या बाया, यातलं बरंचसं तुम्हाला ओळखीचं वाटेल.

ही गोष्ट नवीन नाही. आमच्या धर्माच्या सुरुवातीला देवळंच नव्हती, लोक घरांत जमत. फिलिप्पै गावात लुदिया नावाची जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी बाई होती, तिच्या घरी बंधुजन जमल्याचं शास्त्रात आहे. पण आम्हाला सगळ्यात आवडली ती इंग्लंडातली हकिगत. तिथे जॉन वेस्ली नावाचे धर्मोपदेशक होते, त्यांच्या लोकांना पुढे मेथडिस्ट म्हणू लागले. ब्रिस्टल शहरात त्यांच्या सभाघरावर कर्ज झालं होतं. ते कसं फेडायचं म्हणून १७४२ साली बैठक बसली. ठरलं, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, म्हणजे त्यांचा एक पैसाच म्हणा. कुणीतरी म्हणालं, गरिबांना तेवढंही जमायचं नाही. त्यावर फॉय नावाचा एक जहाजाचा कप्तान उभा राहिला. म्हणाला, सगळ्यात गरीब ११ जण माझ्याकडे द्या. त्यांनी दिलं तर ठीक, नाही दिलं तर त्यांचं मी भरीन. अशा टोळ्या पडल्या, एक पुढारी आणि बाकीचे ११. पुढारी पेनी गोळा करायला दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला आणि घरात गेल्यावर त्याला दिसलं, की कोण आजारी आहे, कोण दारूत बुडालाय, कोणाचं नवराबायकोचं पटत नाही. कर्ज बाजूला राहिलं. त्या टोळ्या दर आठवड्याला एकत्र बसू लागल्या आणि तेच त्यांच्या मंडळीचं मूळ झालं. म्हणजे बघा, बचत गटातून प्रार्थनेचा गट निघाला!

लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळातल्या पोरी, टाकलेल्या बायका, विधवा अशा शेकडो जणी तिथे होत्या. एवढ्यांची एकदम आई कोण होणार? १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सुमारे ७० जणी पुढे आल्या. वाढत वाढत जूनपर्यंत ५०० च्या वर गेल्या. केडगावच्या त्या जागृतीवर पुस्तकं निघाली आहेत. आमचं लक्ष मात्र त्या पहिल्या ७० जणींकडे जातं. रमाबाईंनी हुकूम काढला नाही, विचारलं. त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घातली, खेड्यातल्या बाईला वाचून दाखवलं तर कळावं म्हणून. त्याची छपाईची कामंही आश्रमातल्या बायकांनीच केली. १९२२ साली काम हातावेगळं झालं आणि लगेच त्या गेल्या.

आता आमच्या चुका.

पहिली चूक, ज्यांचं ज्यांच्याशी पटतं त्यांचे गट केले. सिस्टर आणि बाई एकीकडे, रोजाने जाणाऱ्या दुसरीकडे. दोन महिन्यांत मंडळीच्या दोन फळ्या झाल्या. ते मोडलं आणि राहत्या जागेप्रमाणे गट केले. जी शेजारी असेल ती आपली, पटो न पटो.

दुसरी चूक खाण्याची. पहिल्या घरी चहा झाला. दुसऱ्या घरी चहा-पोहे, तिसऱ्या घरी गुलाबजाम. चौथीने निरोप धाडला, घराला रंग चाललाय, पुढच्या वेळी बघू. रंग कसला, पत्र्याचं घर होतं तिचं! तेव्हापासून नुसता चहा. दूध नसेल तर कोरा. बशीत बिस्किटसुद्धा नाही. हा नियम आम्ही देवाच्या आज्ञेइतका कडक पाळतो.

वेळेचंही तसंच. आधी संध्याकाळी सातला बसायचो. पण आपल्याकडे उसाच्या कडेने अंधारात चालणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. बिबट्याने आपल्या गावांची झोप उडवली आहे. आता दुपारी बसतो. टोमॅटोच्या हंगामात दुपारही मिळत नाही, तेव्हा पंधरा दिवसांनी एकदा. बंद पडण्यापेक्षा कमी झालेलं बरं.

तिसरी चूक मोठी, ती अजून भरून आलेली नाही. एका बहिणीने गटात आपल्या लेकीच्या सासरचं दुःख सांगितलं, प्रार्थना करा म्हणाली. चार दिवसांत ते गावभर झालं. बाहेर नेणाऱ्या आम्हीच. प्रार्थनेच्या नावाखाली, "तिच्यासाठी प्रार्थना करा हं, तिच्या मुलीचं असं असं आहे." चुगलीला देवाचं नाव दिलं की ती जास्त लांब जाते. ती बहीण यायची थांबली, तिच्याबरोबर आणखी एक. दुसरी परत आली. आता नियम असा, की जिचं दुःख तिच्याच तोंडून बाहेर जाईल. आमच्या तोंडून नाही, नवऱ्यापाशी नाही, पाळकसाहेबांपाशीही नाही. मारहाण किंवा जिवाचा धोका असेल तेवढा अपवाद, तेव्हा गप्प बसणं पाप.

पैशाबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. काहींना वाटतं गटातच पेटी ठेवावी, वेस्लीसाहेबांच्या पेनीसारखी. काहींना वाटतं, हप्ता थकला की बाई लाजेने प्रार्थनेलाही यायची नाही. सध्या बचत गट वेगळा आणि हा गट वेगळा.

तासाभरात आम्ही काय करतो? एक गीत. शुभवर्तमानातला एक तुकडा, जिला वाचता येतं ती वाचते. मग पाच मिनिटं गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. मग जिला बोलायचं ती बोलते. पुढारीण दर वेळी वेगळी, घर जिचं ती. एकदा पाळी आली एका अडाणी आजींची. त्यांनी पाठ असलेली येशूची गोष्ट सांगितली. एका बाईकडे दहा नाणी होती, एक हरवलं, तिने दिवा लावून घर झाडून काढलं. आजी म्हणाल्या, "दहाच व्हती म्हून तिला कळलं." कुणीतरी म्हणालं, पण मेंढरांच्या गोष्टीत तर शंभर आहेत! आजी म्हणाल्या, "धनगराला इचार. त्याला शंभराची तोंडं ठाव असत्यात. तुला साठांची हायेत का?"

शेवटी एकच प्रश्न, आज कोण आली नाही? आणि तिच्याकडे कोण जाणार? दोन दिवसांत कुणीतरी जाते, पायी. फोन करत नाही. फोनवर सगळ्यांचं "बरं चाललंय" असतं.

आमच्या शेजारणी हरिपाठाच्या. कधी त्या आमच्यात येऊन बसतात, सप्ताहाला आम्ही त्यांच्याकडे पोळ्या लाटायला जातो. कुणी कुणाला ओढत नाही. त्यांच्यातल्या एका वारकरी मावशींनी आम्हाला दिंडीचं सांगितलं. माउलींच्या पालखीबरोबर लाखो माणसं चालतात, पण प्रत्येक माणूस कुठल्या तरी दिंडीचा असतो. रथापुढे २७ दिंड्या, मागे कितीतरी. जेवण दिंडीत, झोप दिंडीत, चुकला तर शोधणारीही दिंडीच. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतो आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, तिचं म्हणणं ऐकून घेईपर्यंत. आम्ही हे ऐकलं आणि स्टँडवर भेटलेल्या आमच्या बहिणीचं वाक्य पुन्हा आठवलं. तिच्या हातात टाळ नव्हता.

ती आता येते. गटातल्या दोघी आळीपाळीने तिच्या नवऱ्याजवळ बसतात, म्हणून ती कामाला जाऊ शकते. सावकाराचं देणं अजून आहे. तेवढं आमच्याच्याने झालं नाही.

आणि जिचं दुःख आम्ही गावभर केलं, ती अजून येत नाही. गेल्या गुरुवारी दोघी पुन्हा तिच्याकडे जाऊन आल्या. माफी याआधीही मागून झाली होती, पुन्हा मागितली. तिने आत बोलावलं नाही, ओट्यावरच बसवलं. पण चहा केला. या गुरुवारी दुसऱ्या दोघी जाणार आहेत.